डायलिसिसचे फेरे मोजता, तशी आमची लघवीही मोजा

प्रति,
राज्यातल्या सरकारी आणि धर्मादाय डायलिसिस केंद्रांच्या निविदा काढणारे, दर ठरवणारे आणि त्या केंद्रांची तपासणी करणारे सर्व अधिकारी यांस

विषय : डायलायझरची निवड, डायलिसिसचे पाणी आणि रुग्णाच्या किडनीत उरलेली ताकद

स.न.वि.वि.

आमच्या डायलिसिस केंद्रात मागच्या महिन्यात भिंतीवर एक कागद लागला. ठेका बदलला, म्हणून नवे नियम. त्यात एक ओळ अशी : यापुढे सर्व रुग्णांना एकाच प्रकारचा लो-फ्लक्स डायलायझर मिळेल, तो धुऊन पुन्हा वापरला जाईल, रुग्णांनी वेगळ्या डायलायझरची मागणी करू नये. डायलायझर म्हणजे ज्याच्या पडद्यातून रक्त गाळले जाते ते नळकांडे. लो-फ्लक्स म्हणजे त्या पडद्याची छिद्रे लहान, हाय-फ्लक्स म्हणजे मोठी. कागदाखाली सही नाही, नुसता शिक्का. टेक्निशियनला विचारले तर म्हणाला, “काका, वरून आलंय.” हे वर म्हणजे नक्की कुठे, ते त्यालाही सांगता आले नाही. म्हणून एका माणसाच्या नावे न लिहिता जे कोणी वर असतील त्या सगळ्यांना लिहितो आहे. आणि उघड लिहितो आहे, कारण आतल्या अर्जाला आवक क्रमांक मिळतो, उत्तर मिळत नाही.

मी नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर होतो. तुरटीचा डोस, क्लोरीनचा डोस, वाळूचे थर उलटे धुणे, यातच नोकरी गेली. मधुमेहाने किडन्या गेल्या आणि निवृत्तीनंतर मी माणदेशातल्या एका केंद्रात आठवड्यातून दोनदा यंत्रावर बसू लागलो. उपचार मोफत होतात. ही सोय नसती तर आमच्या घरचे शेत केव्हाच विकले गेले असते, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे रडगाणे वाटू नये.

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांच्या किडन्या शेवटच्या टप्प्यात निकामी होतात आणि त्यांच्यासाठी ३.४ कोटी जादा डायलिसिसची गरज पडते, असे त्या भाषणात सांगितले होते. जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीतून केंद्रे काढायची, गरिबांना मोफत सेवा द्यायची, असे ठरले. आपल्या राज्यात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतूनही डायलिसिस होते. तालुक्याच्या गावी यंत्रे दिसू लागली, हे मोठे काम झाले. पण तेव्हापासून आजपर्यंत हिशेब एकाच गोष्टीचा होतो : फेरे किती झाले. ठेकेदाराला पैसे फेऱ्यावर, आढावा फेऱ्यांचा, बातमीही फेऱ्यांचीच. त्या फेऱ्यांतून रुग्णाच्या किडनीत जे थोडेफार शिल्लक होते ते टिकले की गेले, हा रकाना मला कुठल्याही कागदावर दिसलेला नाही.

मला अजून लघवी होते. डायलिसिसवाल्यांच्या जगात हे सांगायला संकोच वाटत नाही, उलट लोक हेव्याने बघतात. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ चार वर्षांपासून कोरडे आहेत. उन्हाळ्यात ते बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात, कारण प्यालेला प्रत्येक घोट अंगातच साठणार आणि पुढच्या पाळीला यंत्राने ओढून काढावा लागणार. मी मात्र सकाळचा पूर्ण कप चहा पिऊ शकतो, वर आमटी-भात खाऊ शकतो. फरक एवढाच की माझ्या किडन्या मरता मरता थोड्या शिल्लक आहेत.

हे थोडे म्हणजे किती, याचा हिशेब बघा. समजा कोणाच्या किडन्या मिनिटाला फक्त २ मिलिलिटर रक्त साफ करतात. निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो, म्हणजे २ म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण किडनीला सुट्टी नसते. दिवसाची १,४४० मिनिटे, आठवड्याचे सात दिवस, असे धरले तर आठवड्याला २० लिटर होतात. आणि ते संथपणे, रात्रंदिवस, बीपी न पाडता. माझे यंत्र आठवड्याच्या १६८ तासांपैकी ८ तास चालते. शिवाय यंत्र युरियासारखे लहान कण चांगले काढते, मोठे कण लो-फ्लक्स पडद्यातून जवळजवळ निघतच नाहीत. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन आहे, त्याचा रेणू ११,८०० डाल्टनचा. ते वर्षानुवर्षे साठले की मनगटाची नस दाबली जाते, खांदे धरतात. डायलिसिसवर जुने झालेल्या लोकांचे हात बघा. ते प्रथिन लो-फ्लक्सवाल्या माणसात उरल्यासुरल्या किडनीच्याच वाटेने बाहेर पडते.

हा माझा अंदाजपंचे विचार नाही. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पोटाच्या डायलिसिसच्या (यात यंत्राऐवजी पोटात द्रव सोडून रक्त साफ करतात) रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासाची आकडेवारी २००१ साली पुन्हा तपासली गेली. दिवसाला २५० मिलिलिटर लघवी जास्त असणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला, डायलिसिसने जादा सफाई केली त्याचा मात्र तसा फायदा दिसला नाही. हिमोडायलिसिसच्या, म्हणजे आमच्यासारख्या यंत्रावरच्या, रुग्णांबाबतही नेदरलँड्समधून २००४ साली तसेच निष्कर्ष आले. पाव लिटर. आपल्या घरातला पाण्याचा पेला त्याहून फार लहान नसतो.

आता पडद्याकडे येतो, कारण नोटिशीत तोच आहे.

डायलायझर म्हणजे वीतभराहून थोडे लांब प्लॅस्टिकचे नळकांडे. आत दहा हजारांच्या आसपास पोकळ धागे असतात, एकेकाचा आतला व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. धाग्यांच्या आतून रक्त जाते, बाहेरून उलट्या दिशेने डायलिसिसचे पाणी. धाग्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर दीड चौरस मीटरच्या आसपास भरतील. एवढ्या परक्या पृष्ठभागावरून रक्त चार तास फिरते. शरीराला ते कळते. पूर्वी क्युप्रोफेन नावाचा पडदा असे, कापसाच्या सेल्युलोजपासून केलेला. त्याला रक्त लागले की पहिल्या अर्ध्या तासात रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होत, त्या फुप्फुसात जाऊन अडकत आणि शरीरात दाह पेटे. असे आठवड्यातून दोन-तीनदा. दाह पेटला की त्याची झळ उरलेल्या किडनीलाही लागणार. म्हणून पुढे सेल्युलोजवर प्रक्रिया करून सुधारित पडदे आले आणि मग पॉलिसल्फोन, पॉलिइथरसल्फोन असे कृत्रिम पडदे. क्युप्रोफेन आता बाजारातून गेल्यातच जमा आहे, त्यामुळे ‘आमचा डायलायझर चांगल्या मटेरियलचा आहे’ हे उत्तर मला देऊ नका. चांगला आहेच. प्रश्न पुढचा आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अभ्यासांत असे दिसले की पॉलिसल्फोन पडद्यावरच्या रुग्णांची उरलेली किडनी सेल्युलोज गटातल्या पडद्यांवरच्या रुग्णांपेक्षा सावकाश गेली. २००२ साली ब्रिटनमधल्या एका केंद्राने सांगितले की हाय-फ्लक्स कृत्रिम पडदा आणि अतिशुद्ध पाणी एकत्र वापरले, तर हिमोडायलिसिसवरची उरलेली किडनी पोटाच्या डायलिसिसइतकीच टिकते. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की यंत्रावर गेले की लघवी जाणारच. मी हे वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या शिफ्टमधल्या त्या लोकांचा, ज्यांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगितले होते, “सहा महिन्यांत लघवी बंद होईल, सवय करून घ्या.”

आता आपल्या बाजूने जे बोलता येईल तेही मीच मांडतो. हे अभ्यास लहान आहेत, सगळ्यांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि नुसता पडदा बदलला म्हणजे किडनी वाचली असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला हेमो अभ्यास १,८४६ रुग्णांवरचा होता, आणि त्यात हाय-फ्लक्समुळे एकंदर मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांच्या किडनीत बऱ्यापैकी ताकद उरली होती त्यांना त्या अभ्यासात मुळात घेतलेच नव्हते. म्हणजे तो अभ्यास माझ्या शेजारच्या गृहस्थांबद्दल काही सांगतो, माझ्याबद्दल गप्प आहे. तरी तो पुढे करून सरसकट स्वस्त पडदा घेतला जातो. २००९ साली युरोपातल्या अभ्यासात, ज्यांचे अल्ब्युमिन (रक्तातले एक मुख्य प्रथिन) कमी होते त्यांना आणि मधुमेहींना हाय-फ्लक्सचा फायदा दिसला. आमच्या शिफ्टमध्ये मधुमेही नसलेला माणूस शोधावा लागतो.

तेव्हा माझी पहिली तक्रार ही : एकच डायलायझर सर्वांना, हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतला? ४० किलोची पोर आणि ८० किलोचा पैलवान, काल यंत्रावर आलेला आणि दहा वर्षे कोरडा असलेला, सगळ्यांना एकच माप. रेशनच्या दुकानातसुद्धा माणसे मोजून धान्य देतात. आणि मागणी करू नये, हे वाक्य तर डॉक्टरांनाही लागू झाले आहे. आमच्या किडनीतज्ज्ञ बाई महिन्यातून एकदा येतात. त्यांनी एका नव्या मुलासाठी हाय-फ्लक्स लिहून दिला होता. चिठ्ठी फाइलला लागली, डायलायझर तोच आला.

दुसरी तक्रार पाण्याची, आणि इथे मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण हा माझा धंदा होता.

एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या दराने चार तासांत १२० लिटर पाणी लागते. पिण्याचे पाणी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पितो आणि त्याला आतड्याची भिंत आडवी असते. इथे १२० लिटर पाणी आणि माझे रक्त यांच्यामध्ये फक्त तो धागा. आम्ही नळाला जे पाणी सोडायचो त्यात शेवटच्या घरापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, असा नियम. तो पाळला म्हणून कधी गावात कॉलरा आला नाही. पण डायलिसिसच्या पाण्यात एकूण क्लोरीन ०.१ च्या वर चालत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे पालिकेने काम चोख केले तर तेच पाणी आमच्यासाठी घातक. तुरटीचेही तसेच. तुरटीतून येणारे ॲल्युमिनियम डायलिसिसच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवे. १९७० च्या दशकात ते न पाळल्याने परदेशात डायलिसिसच्या रुग्णांना बुद्धिभ्रंश झाला, हाडे ठिसूळ झाली. म्हणून आधी कोळशाची टाकी, मग आरओ, अशी रांग असते.

आमच्याकडे एप्रिलपासून रुग्णालयाला टँकर येतो. टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, कशी पडते ते मी पाहिले आहे : वजन न करता, डब्याने, कधी दोनदा. जुन्या सवयीने माझ्याकडे ओटीची (पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणाऱ्या द्रावणाची) बाटली आणि काचेची नळी असते. एका दुपारी मी त्या टेक्निशियनला विनंती करून कोळशाच्या टाकीनंतरच्या नळाचे पाणी घेतले आणि पाच थेंब टाकले. नळी पिवळी झाली. फिकट, पण पिवळीच. तिथे रंग यायलाच नको होता. आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्याने पाळी थांबवून टाकी उलटी धुतली, तासभर उशीर झाला म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली. रजिस्टरमध्ये त्या दिवशीचा आकडा आधीच भरलेला होता. आदल्या दिवशीचाही तोच, त्याच्या आदल्या दिवशीचाही तोच, सगळे एकाच पेनाने. साहेब, रजिस्टर कसे भरले जाते हे मला कोणी शिकवू नये.

किडनीशी याचा काय संबंध, असे विचाराल. क्लोरीन आरओचा पडदा खातो. तो खराब झाला की जिवाणू आणि मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे पुढे सरकतात. हे तुकडे म्हणजे एंडोटॉक्सिन. ते ताप आणण्याइतके नसले तरी रक्तात मंद दाह धुमसत ठेवतात. साध्या डायलिसिसच्या पाण्यात मिलिलिटरला १०० पर्यंत जिवाणू मान्य आहेत. अतिशुद्ध म्हणजे ०.१ पेक्षा कमी आणि एंडोटॉक्सिन ०.०३ युनिटपेक्षा कमी. जर्मनीत म्युनिकच्या डॉक्टरांनी नव्याने डायलिसिस सुरू झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट करून दोन वर्षे पाहिले. अतिशुद्ध पाणी मिळालेल्या गटात दाह कमी राहिला आणि उरलेली किडनी हळू गेली. ३० माणसांचाच अभ्यास, मान्य. पण शुद्ध पाण्याने कोणाचे नुकसान झाल्याचे मी चाळीस वर्षांपूर्वीही ऐकले नव्हते आणि आजही नाही.

आणि म्हणूनच मी आपल्याला ‘हाय-फ्लक्स द्या’ एवढेच सांगत नाही. हाय-फ्लक्स पडद्याची छिद्रे मोठी. त्यात धाग्याच्या एका टोकाला पाण्याचा दाब जास्त होतो आणि डायलिसिसचे पाणी उलटे रक्तात शिरते. पाणी घाण असेल तर महागडा पडदा दुप्पट घाण आत सोडेल. पडदा आणि पाणी हे दोन विषय वेगळ्या निविदांत, वेगळ्या टेबलांवर गेले की गणित तिथेच बिघडते. यंत्राच्या मागे एंडोटॉक्सिन अडवणारे एक फिल्टर बसते, अगदी डायलायझरसारखेच दिसणारे. बदलायची तारीख त्यावर स्टिकरला लिहिलेली असते. माझ्या यंत्रावरची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. नव्या ठेक्यात ते फिल्टर कोणाच्या खर्चात बसते यावर वाद चालू आहे, असे कळते. वाद मिटेपर्यंत ते फिल्टर माझ्याच रक्ताला लागून आहे.

तिसरी गोष्ट धुऊन वापरण्याची. यावर मी आंधळा विरोध करणार नाही. नीट केले तर जगात अनेक ठिकाणी ते चालले आहे आणि आपल्यासारख्या देशात खर्चाचा विचार करावाच लागतो. पण नीट म्हणजे काय? प्रत्येक धुण्यानंतर धाग्यांमध्ये किती पाणी मावते ते मोजायचे, आणि मूळच्या ८० टक्क्यांखाली गेले की तो फेकून द्यायचा. आमच्या धुण्याच्या खोलीत मोजपात्र आहे. ते फडताळावर उपडे आहे, कोरडे ठणठणीत, त्यावर धूळ आहे. डायलायझर एका रांगेत ठेवलेले, चिकटपट्टीवर पेनाने आडनाव. आमच्या शिफ्टला दोन पाटील आहेत. खोलीत व्हिनेगरसारखा वास भरलेला असतो, तो पेरासेटिक आम्लाचा, आणि माझ्या नळकांड्यात गोठलेल्या रक्ताच्या तपकिरी रेघा उभ्या दिसतात. एकेक रेघ म्हणजे बंद पडलेला धाग्यांचा जुडगा. धागे बंद झाले की सफाई कमी, सफाई कमी म्हणून मग जोर उरलेल्या किडनीवर. ब्लीचने धुतले तर काही पडद्यांची छिद्रे वाढून प्रथिने निसटतात, हीसुद्धा माहीत असलेली गोष्ट आहे. कितवा वापर, हे रुग्णाला सांगायचे नाही अशी आमच्याकडे पद्धत पडली आहे. विचारले की, “अजून चांगला आहे.”

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. एक, पाणी ओढण्याची घाई. तासाला वजनाच्या किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त ओढू नये, असा दंडक सांगतात. ६० किलोच्या माणसाला तासाला ७८० मिलिलिटर. आमच्याकडे तिसरी शिफ्ट बसवायची असते म्हणून चार तासांचे साडेतीन होतात, ओढायचे तेवढेच राहते. पायात गोळे येतात, बीपी पडते, आणि बीपी पडले की उरलेल्या किडनीचा रक्तपुरवठा तुटतो. दोन, अंग दुखले की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, ताप आला की जेंटामायसिन, ही किडनीला मारक औषधे सर्रास. ‘आता किडनी गेलीच आहे, मग काय बिघडते’ असा विचार त्यामागे असतो. बिघडते.

शेवटची तक्रार सगळ्यात साधी आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी. आमच्या केंद्रात कोणाची लघवी मोजत नाहीत. वजन मोजतात, बीपी मोजतात, महिन्याला हिमोग्लोबिन काढतात. लघवी होते का, हे फार तर तोंडी विचारतात, तेही नवा टेक्निशियन असला तर. मोजायला लागते काय? झाकणाचा एक कॅन, दोन डायलिसिसच्या मधल्या काळातली सगळी लघवी त्यात जमवायची, एकूण माप आणि त्यातला युरिया-क्रिएटिनिन, सोबत रक्तातला युरिया-क्रिएटिनिन. तपासण्या त्याच प्रयोगशाळेत होतात, यंत्र नवे लागत नाही. मी स्वतः घरी पाच लिटरचा तेलाचा कॅन धुऊन त्यावर मापाच्या खुणा केल्या आहेत आणि वहीत आकडे लिहितो. नव्या नियमांनंतर आकडा उतरतो आहे. तो पडद्यामुळे उतरतो, पाण्यामुळे की आजार पुढे गेल्यामुळे, हे माझ्या वहीवरून सिद्ध होणार नाही. पण आपल्याकडे तर वहीसुद्धा नाही.

आणि यात आपलाच पैसा आहे. आपल्याकडे बहुतेकांना आठवड्याला दोनच डायलिसिस मिळतात. जगभर तीनचा प्रघात आहे. किडनीची युरिया साफ करण्याची क्षमता मिनिटाला २ मिलिलिटरच्या वर असेल तर दोन पुरू शकतात, हे परदेशातल्या मार्गदर्शक सूचनांतही मानले जाते, पण अट अशी की क्षमता वरचेवर मोजली पाहिजे आणि घसरली की तिसरा फेरा द्यायचा. आपण न मोजताच सगळ्यांना दोन देतो. ज्याची किडनी शिल्लक आहे तो तरतो. ज्याची गेली आहे तो सुजत जातो, रात्री उशीला टेकून बसतो आणि एक दिवस शिफ्टला येत नाही. यादीत त्याच्या जागी नवे नाव येते आणि फेऱ्यांचा आकडा तेवढाच राहतो. टिकलेली प्रत्येक किडनी म्हणजे वाचलेला तिसरा फेरा. चांगल्या डायलायझरला चार पैसे जास्त पडतील, पण त्याच्यासमोर तिसऱ्या फेऱ्याचा हा खर्च कोणी मांडून बघितला आहे का? बघितला असेल तर तो तक्ता जाहीर करा. मी बारकाईने वाचेन.

मागण्या अशा आहेत.

१. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आणि त्यानंतर किमान दर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णाची दोन डायलिसिसमधली लघवी मोजावी, किडनीची उरलेली क्षमता काढावी आणि ती रुग्णाच्या कार्डावर लिहावी. ठेकेदाराच्या देयकासोबत ही नोंद सक्तीची करावी.

२. निविदेत नुसते ‘डायलायझर’ न लिहिता पडद्याचे मटेरियल, फ्लक्स, पृष्ठभागाची किमान दोन-तीन मापे आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत लिहावी. ज्यांना अजून लघवी होते त्यांना हाय-फ्लक्स कृत्रिम पडदा प्राधान्याने द्यावा, मात्र जिथे अतिशुद्ध पाण्याची खात्री आहे तिथेच. जिथे नाही तिथे आधी पाणी.

३. पाण्यातील जिवाणू आणि एंडोटॉक्सिन यांची तपासणी ठेकेदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून दरमहा करून घ्यावी आणि अहवाल केंद्रात लावावा. क्लोरीनची तपासणी प्रत्येक शिफ्टच्या आधी, रुग्णाच्या देखत. टँकर येणाऱ्या केंद्रांची यादी वेगळी काढून त्यांची तपासणी दुप्पट करावी. यंत्रामागचे फिल्टर कोणी बदलायचे हे करारात एका ओळीत लिहावे.

४. डायलायझर धुऊन वापरायचा तर कितवा वापर आणि मोजलेले माप त्यावर लिहिलेले हवे. नाव, नोंदणी क्रमांक छापील. रुग्णाची लेखी संमती त्याला कळेल अशा मराठीत. मोजपात्र वापरात नसलेल्या केंद्रात पुनर्वापर तातडीने थांबवावा.

५. किडनीतज्ज्ञाने कारण लिहून दिले असेल तर तोच डायलायझर द्यावा. ‘मागणी करू नये’ हे वाक्य मागे घ्यावे.

६. टेक्निशियनने सुरक्षिततेसाठी पाळी थांबवली तर त्याच्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे.

यातली पहिली, चौथी आणि सहावी मागणी उद्यापासून करता येण्यासारखी आहे, त्यासाठी नव्या निविदेची वाट बघायला नको. बाकीच्यांसाठी पुढच्या ठेक्याची मुदत येईपर्यंत आपल्याकडे वेळ आहे. माझ्याकडे किती आहे ते तो तेलाचा कॅन सांगतो.

तपासणीला पथक पाठवणार असाल तर आगाऊ कळवून पाठवू नका. कळवले की रजिस्टर नवे होते. पाण्याचा नमुना कोठून घ्यायचा, कोळशाच्या टाकीनंतरचा नळ कुठे आहे, हे मी आनंदाने दाखवीन. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मी यंत्रावर असतो. त्यानंतर या, किंवा दुसऱ्या कोणत्याही दिवशी.

आपला,
एक डायलिसिस रुग्ण
(निवृत्त ऑपरेटर, जलशुद्धीकरण केंद्र)